पेशींवर खूण कशाची: लोहाची की फ्लोरिनची?

शरीरात सोडलेल्या पेशी पुढे कुठे गेल्या हे एमआरआयवर पाहायचं, तर आधी त्यांच्यावर खूण हवी. सोलापुरात राहून प्राण्यांवरच्या प्रयोगाची आखणी करणाऱ्यापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: लोह किंवा फ्लोरिन.

पहिला निकष मशीनचा. रुग्णालयातलं १.५ किंवा ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीन सहसा फक्त हायड्रोजनचा सिग्नल टिपतं. लोहाला तेवढं पुरतं. फ्लोरिनसाठी मल्टिन्यूक्लिअर सोय, म्हणजे हायड्रोजनखेरीज इतर अणूंचा सिग्नल टिपण्याची सोय, आणि ३ टेस्लावर सुमारे १२० मेगाहर्ट्‌झची वेगळी कॉइल (सिग्नल टिपणारा अँटेना) लागते. मशीनच्या इंजिनिअरला हे आधी विचारा, मगच खरेदीचा विचार करा.

लोहासाठी फेरुमॉक्सिटॉल, म्हणजे मुळात अ‍ॅनिमियाचं इंजेक्शन. ते एकटं पेशीत फारसं शिरत नाही. म्हणून सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) नसलेल्या माध्यमात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, दर मिलिलिटरला हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) २ युनिट, प्रोटामिन (हेपॅरिनला चिकटणारं प्रथिन) ६० मायक्रोग्रॅम आणि फेरुमॉक्सिटॉल ५० मायक्रोग्रॅम घेऊन त्यांचे कण जुळवतात. २ ते ४ तासांनी सीरमयुक्त माध्यम घालून रात्रभर ठेवायचं, मग हेपॅरिनच्या सलाइनने धुवायचं. धुण्यात हयगय केली तर बाहेर चिकटलेलं लोहही पेशीतलं म्हणून मोजलं जातं. प्रशियन ब्लूने (लोह निळं दाखवणारी चाचणी) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लोहाचा खरा धोका वेगळाच आहे. चित्रात मिळतो तो काळा डाग, आणि रक्तस्राव किंवा हवेचा बुडबुडाही तसाच काळा दिसतो. शिवाय पेशी मेली की तिचं लोह मॅक्रोफेज (कचरा साफ करणाऱ्या पेशी) गिळतात आणि डाग तिथेच राहतो. तेव्हा खूण केलेल्या मृत पेशींचा एक गट हवाच. त्याशिवाय ‘पेशी जगल्या’ असं लिहिणं चूक ठरेल. विभाजनागणिक लोहही वाटलं जातं, डाग फिका होतो.

फ्लोरिनमध्ये हा घोळ कमी. शरीरात टिपण्याजोगं फ्लोरिन जवळजवळ नसतं, त्यामुळे सिग्नल आला तो खुणेचाच. शेजारी ठरावीक फ्लोरिनची नळी ठेवली की पेशींची संख्याही काढता येते. मात्र एका व्हॉक्सेलमध्ये (चित्राच्या सगळ्यात लहान घनात) हजारो पेशी असाव्या लागतात आणि स्कॅन लांबतो. आयसोफ्लुरेन या वायूने भूल देत असाल तर त्यातलंही फ्लोरिन दिसतं, तेव्हा फ्रिक्वेन्सी वेगळी काढा किंवा भूल बदला. परफ्लुरोकार्बनचं इमल्शन (फ्लोरिनची खूण देणारा, बारीक थेंबांचा द्रव) गोठवू नका, थेंब फुटतात.

आमचं मत: जागा शोधायची तर लोह, संख्या हवी तर फ्लोरिन. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पेशी स्कॅनपर्यंत नेताना शीतपेटी वापरा, पण नळी थेट बर्फाला टेकवू नका. प्राण्याआधी १ टक्का अगारोजमध्ये (जेलीसारखा पदार्थ) हजार, दहा हजार, लाख पेशी बुडबुडे न राहू देता बसवून एकदा स्कॅन करून घ्या.