नमुना एका कापडाचा, पडदे दुसऱ्याच कापडाचे

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या बैठकीच्या तिन्ही खिडक्या पश्चिमेला आहेत. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर गेला की दुपारी दोननंतर तेथे बसवत नाही, म्हणून घड्या पडत वर जाणारे कापडी पडदे, ज्यांना बाजारात रोमन ब्लाइंड म्हणतात, ते मी मापाप्रमाणे शिवून घ्यायचे ठरवले. दुकानदाराने जाड सुती कापड आणि मागे ऊन अडवणारे ब्लॅकआउट अस्तर असा नमुना दाखवला, तयार पडद्याचा भाव चौरस फुटाला 260 रुपये सांगितला आणि 10,000 रुपये आगाऊ घेऊन ‘पडदे 3 नग’ एवढेच लिहिलेली कच्ची पावती हातात ठेवली. नमुन्याचा तुकडा मात्र मी मागून घेतला नाही.

पडदे बसवायला माणूस आला तो संध्याकाळी साडेसातला. बाहेर अंधार पडल्यावर अस्तर ब्लॅकआउटचे आहे की साधे, हे नुसते पाहून कळत नाही. ही वेळ मुद्दाम निवडली होती असे मी सिद्ध करू शकत नाही. परंतु सकाळची वेळ दोनदा ठरली होती आणि दोन्ही वेळा ती त्यांनीच बदलली. अस्तरामागे मोबाईलचा टॉर्च धरून पाहिले असते तरी उलगडा झाला असता, पण ते मला सुचले नाही आणि उरलेली रक्कम मी त्याच रात्री देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यांतून ऊन सरळ आत आले. मग मी हिशेब तपासला. प्रत्येक खिडकी 4 बाय 5 फुटांची, म्हणजे तिन्ही मिळून 60 चौरस फूट आणि 15,600 रुपये. माझ्याकडून घेतले होते 19,305, कारण प्रत्येक माप साडेचार बाय साडेपाच धरले होते. विचारल्यावर ‘शिलाईत कापड दुमडावे लागते’ असे उत्तर मिळाले. तयार पडद्याचा भाव ठरला असताना दुमडीचे कापड त्यातच धरलेले असते, हे मला तेव्हा ठामपणे सांगता आले नाही.

शेजारच्या काकूंनी अनेक वर्षे शिलाई केली आहे. त्यांनी एका पडद्याची शिवण उसवली, तेव्हा पाच फूट उंचीत आडव्या दांड्या दोनच निघाल्या. साधारण फुटाफुटावर दांडी नसेल तर घडी नीट बसत नाही आणि पडदा मध्येच लोंबतो. त्यांनी दोन धागे काढून पेटवले. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. येथे धागा वितळून त्याचा कडक काळा मणी झाला. ज्या गावच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात राहून मला कापड हाताने ओळखता येऊ नये, याची लाज वाटली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तेथेही जाणार आहे. अडचण कच्च्या पावतीची आहे, कारण कापड, अस्तर आणि माप यांपैकी काहीच तिच्यावर लिहिलेले नाही. दोन पडद्यांची अस्तरे काकूंकडून बदलून घेतली. उसवलेला तिसरा तसाच ठेवला आहे, कारण दाखवायला माझ्याजवळ आता तेवढाच पुरावा आहे.