आमचा बेदाणा पशुखाद्याच्या रांगेत कसा गेला

आमच्या ब्रँडचं नाव इथे लिहिणार नाही. ट्रेडमार्कचा, म्हणजे ब्रँडच्या नावाच्या सरकारी नोंदणीचा, नवा अर्ज चालू आहे आणि पुतणीने तंबी दिलीय की गप्प बस. ज्या एजंटने फसवलं त्याचंही नाव लिहीत नाही, कारण तक्रार दिलेली आहे. पण गेल्या महिन्यात बचत गटातल्या दोघींनी मला विचारलं, "ताई, ट्रेडमार्क कुणाकडून केला? आम्हालाही करायचाय." तेव्हा म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

दिंडोरी तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. २०१९ च्या हंगामात व्यापाऱ्याने ऐनवेळी भाव पाडला. सासूबाई म्हणाल्या, रस्त्यावर ओतण्यापेक्षा वाळवू. मग घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे, शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरायचे, वाळले की देठ झाडून दाणे हाताने निवडायचे, असं सुरू झालं. बेदाणा म्हटलं की लोक सांगली-तासगावचं नाव घेतात, भौगोलिक मानांकनही सांगलीच्या बेदाण्याला आहे. नाशिकचं मानांकन ताज्या द्राक्षांना. तरी आमचा माल चालला. रविवार कारंज्यावरच्या एका सुकामेव्याच्या दुकानदाराने पहिले वीस किलो घेतले. त्या बिलाची कार्बन कॉपी मी उगाचच जपून ठेवली होती. पुढे तीच कामी आली.

२०२२ च्या सुरुवातीला डोंगरे वसतिगृह मैदानावर प्रदर्शनात स्टॉल लावला होता. तिथे तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, बोलायला गोड. चार बेदाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, "ताई, नाव रजिस्टर केलंय ना? नाही? उद्या कुणी तुमचं नाव उचललं तर तुम्हालाच नोटीस येईल." हे वाक्य मला आजही पाठ आहे. कारण त्यात खोटं काही नव्हतं, भीती मात्र बरोबर जागी लागली.

त्याचं ऑफिस कॅनडा कॉर्नरच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. त्याने कागदावर चार आकडे लिहिले : २९, ३१, ३२, ३५. "चार क्लास. प्रत्येकाची सरकारी फी नऊ हजार, माझी फी आठ हजार. चव्वेचाळीसमध्ये नाव आयुष्यभर तुमचं."

मला क्लास म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं नाव एकदा नोंदवलं की ते आपलं झालं, सातबाऱ्यावर नाव लागतं तसं. तसं नसतं. ट्रेडमार्क मिळतो तो विशिष्ट मालासाठी किंवा सेवेसाठी. जगभरातला माल आणि सेवा मिळून ४५ वर्गांत विभागलेल्या आहेत. पहिले ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. याला नीस वर्गीकरण म्हणतात, फ्रान्समधल्या नीस शहरात १९५७ मध्ये झालेल्या करारावरून. आपण अर्जात जो क्लास आणि जो माल लिहितो, तेवढ्यापुरतंच नाव मागत असतो.

आणि द्राक्षाइतकं हे वर्गीकरण दुसरं कुठलंच पीक चांगलं शिकवत नाही. वेलीवरून तोडलेलं ताजं द्राक्ष क्लास ३१. तेच वाळवून बेदाणा केला की क्लास २९. त्याचा जॅम केला तरी २९. रस काढून बाटलीत भरला तर ३२. आंबवून वाइन केली तर ३३. व्हिनेगर झालं तर ३०. आणि स्वतःच्या दुकानातून सगळ्यांचा माल विकायचा धंदा असेल तर ३५. एकाच बागेतून निघालेला एकच घड, पण ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या, लेखी तो सहा ठिकाणी बसतो. हे मला त्या ऑफिसात कुणी पाच मिनिटांत सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. आम्ही रस विकत नव्हतो, दुकान नव्हतं, ताजी द्राक्षं व्यापारीच उचलायचा. आम्हाला एकच क्लास पुरेसा होता, २९. तोच त्याने भरला नाही.

पैसे दोन हप्त्यांत दिले. आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपवर एक पान आलं : वर अर्ज क्रमांक, आमचं नाव, लोगो. खाली पांढरं. सोबत मजकूर, "अभिनंदन ताई! आता पाकिटावर गोलातला आर छापा." आम्ही पेढे वाटले, हो, खरंच. सासूबाईंनी ते पान देवघराशेजारी लावलं. नवी पाकिटं छापली, तीन हजार, वर गोलातला आर.

तो आर म्हणजे 'नाव नोंदणीकृत आहे' अशी खूण, नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय लावता येत नाही. अर्ज केल्यावर फार तर 'टीएम' लिहायचं. नोंदणी नसताना आर लावणं कायद्याने चालत नाही. म्हणजे पैसे घेऊन वर त्याने आम्हालाच कायद्याच्या कचाट्यात अडकवून ठेवलं होतं.

२०२३ मध्ये त्याचा फोन. "ताई, सुनावणी लागलीय, मुंबईला वकील उभा करावा लागेल, बारा हजार." दिले. विचारलं नाही की सुनावणी कसली. प्रश्न विचारला की आपलं अडाणीपण उघडं पडेल असं वाटायचं. यात माझी चूक किती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

फुटलं ते २०२४ च्या दिवाळीआधी. ऑनलाइन विक्रीच्या एका ठिकाणी ब्रँड नोंदवायला गेले, त्यांनी अर्ज क्रमांक मागितला, दिला, दोन दिवसांत उत्तर : अर्ज 'अ‍ॅबंडंड' (सोडून दिलेला) आहे, आणि क्लासही तुमच्या मालाशी जुळत नाही. पुतणी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला. अर्जाची सगळी कागदपत्रं तिथे कुणालाही बघता येतात. पाच मिनिटांचं काम. अडीच वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं.

पूर्ण पावती उघडली तेव्हा कळलं की मला पाठवलेलं पान अर्धंच होतं. खालचा भाग कापलेला. त्या कापलेल्या भागात होतं : क्लास ३१, फक्त एक, आणि भरलेली फी ४,५०० रुपये. ऑनलाइन अर्ज करणारी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर एका क्लासची सरकारी फी तेवढीच आहे. ९,००० ही कंपनी वगैरेंसाठी. म्हणजे चार क्लासचे ३६,००० घेऊन त्याने ४,५०० भरले होते, तेही चुकीच्या खणात.

ईमेल आणि मोबाइल अर्जात त्याचा स्वतःचा. त्यामुळे रजिस्ट्रीने अर्ज तपासून काढलेला परीक्षण अहवाल त्याच्याकडेच आला. अहवालात काय होतं माहीत आहे? ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११ खाली हरकत : क्लास ३१ मध्ये तसंच नाव आधीपासून एका पशुखाद्यवाल्याचं आहे. जनावरांचं खाद्य, बियाणं, रोपं हे सगळं त्याच क्लासमध्ये मोडतं. आमच्या बेदाण्याला पेंडीच्या गोणीने अडवलं! बरोबर क्लासमध्ये अर्ज असता तर त्या वेळी समोर कुणीच नव्हतं, पुतणीने शोधून पाहिलं. अहवालाला महिन्याच्या आत उत्तर द्यायचं असतं. त्याने दिलंच नाही. अर्ज सोडून दिलेला धरला गेला. सुनावणी कधी लागलीच नव्हती.

मी म्हटलं, मग क्लास बदलून घेऊ. होत नाही. भरलेल्या अर्जात किरकोळ दुरुस्ती करता येते, पण मुळात न लिहिलेला माल नंतर घुसडता येत नाही. नवा अर्ज, नवी फी, आणि नवी तारीख. तारीख गेली हेच मोठं नुकसान, कारण नोंदणी झाली की ती अर्जाच्या दिवसापासून धरतात. आणि मधल्या काळात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एकाने जवळजवळ आमचंच नाव क्लास २९ मध्ये टाकून ठेवलं होतं.

क्लास एक असला म्हणजे सगळं संपलं असंही नाही, हे पुतणीने समजावलं. कर्नाटकातल्या दूध महासंघाची 'नंदिनी' आणि बंगळूरचं 'नंदिनी डिलक्स' हॉटेल यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. २०१८ मध्ये कोर्टाने हॉटेलवाल्याच्या बाजूने निकाल दिला : क्लास सारखा असला तरी माल आणि चिन्हाची मांडणी वेगळी असू शकते. आमच्या बाबतीत मात्र माल तोच, बेदाणाच. म्हणून आमचा भरवसा, ते नाव त्याच्या आधीपासून आम्ही वापरतोय यावर. ती रविवार कारंज्याची २०१९ ची कार्बन कॉपी, अन्न परवान्याची तारीख, जुन्या पाकिटांचं छपाईचं बिल, हे सगळं जोडून प्रतिज्ञापत्रासह नवा अर्ज केला. क्लास २९, माल : बेदाणे. फी ४,५००. ईमेल माझा, मोबाइल माझा. त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्याचं नाव रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून आलं की चार महिन्यांत विरोध नोंदवता येतो. जर्नल दर सोमवारी निघतं, आता सोमवारी सकाळी चहाबरोबर मी ते चाळते.

त्या माणसाला भेटायला गेलो तर ऑफिसला कुलूप, शेजारी म्हणाले गाळा केव्हाच रिकामा झाला. फोन मात्र लागला. "ताई, द्राक्ष म्हणजे फळच ना, मग ३१ चूक कसं?" असं म्हणाला. पैशांचं विचारल्यावर ठेवून दिला. पोलिसांत अर्ज दिलाय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. अजून एक रुपया आलेला नाही.

बचत गटातल्या त्या दोघींना मी एवढंच सांगितलं की चांगले, नोंदणीकृत एजंटही खूप आहेत. पण पैसे देण्याआधी आपण नेमकं काय विकतो ते मराठीत एका ओळीत लिहून त्याच्यापुढे ठेवा, आणि पावती पूर्ण पीडीएफमध्ये मागा, फोटो नको. त्यातली एक नाचणीचे पापड करते, दुसरी पर्स शिवते. पापडवालीने लगेच विचारलं, "माझा क्लास कुठला?" तिला ३० सांगितला, आणि म्हटलं तरी स्वतः बघून घे.

गोलातला आर असलेली अठराशे पाकिटं उरली होती. फेकायला जीव होईना. सासूबाई आणि मी दोन दुपारी बसून प्रत्येक पाकिटावर त्या आरवर पांढरी चिकटपट्टी लावली. त्यांना नीट दिसत नाही म्हणून बऱ्याच पाकिटांवर पट्टी लोगोच्याच डोक्यावर गेली. ती तशीच विकली.