जत्रेतला दशावतार: वेंगुर्ले किनाऱ्यावर रात्र जागवायची असेल तर

दशावतार, म्हणजे कोकणातले रात्रभर चालणारे लोकनाट्य, पाहायचा असेल तर तो जत्रेतच पाहावा, आणि तोही लहान गावच्या. सभागृहातला तीन तासांचा तिकिटाचा प्रयोग नेटका असतो, खुर्ची मिळते, आवाज स्वच्छ येतो. पण देवळासमोर मध्यरात्री सुरू होऊन दहीकाल्याने संपणारा प्रयोग ज्या मोकळेपणाने फुलतो, तो तिथे येत नाही. मोचेमाड, आरवली, शिरोडा, परुळे या वेंगुर्ले तालुक्यातल्या गावांत हा प्रकार अजून जिवंत आहे, आणि तो विनामूल्य आहे.

हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो. जत्रा तिथीवर ठरतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. काही गावांत तर देवाचा कौल घेऊनच दिवस ठरतो. म्हणून निघण्यापूर्वी गावातल्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरता येते, पुढे एसटी आहे. मात्र परतीची शेवटची गाडी प्रयोग सुरू होण्याच्या कितीतरी आधी निघून जाते. रिक्षा आधीच ठरवावी किंवा स्वतःचे वाहन आणावे. पहाटे दव चांगलेच पडते. जाड चटई, शाल आणि कानटोपी नसेल तर तीन वाजता उठून जावे लागते, आणि नेमका तेव्हाच आख्यानाला, म्हणजे रात्रीच्या मुख्य पौराणिक कथेला, रंग चढलेला असतो.

आधी देवदर्शन, ओट्या, मग पालखीची प्रदक्षिणा. पालखी देवळात परतल्याशिवाय नाटक सुरू होत नाही. फलकावर दहाची वेळ लिहिली असली तरी बाराच्या आधी पडदा लागेल अशी अपेक्षा धरू नये. हा वेळ रंगपटाकडे घालवावा. रंगपट म्हणजे नटांची तयार होण्याची जागा, बहुधा धर्मशाळेची ओसरी किंवा देवळामागचा मांडव. दशावतारात रंगभूषाकार नसतो, प्रत्येक नट आपला चेहरा आपणच रंगवतो. स्त्रीपार्ट करणारा नट एका छोट्या आरशासमोर बसून भुवया कोरतो, गंगावन (खोटे केस) बांधतो, नऊवारी नेसतो. हे दुरून, विचारून पाहू देतात. फ्लॅश मारून फोटो काढू नयेत. पेटाऱ्यात नाटक कंपनीचा गणपती असतो आणि त्याची पूजा चालू असते, तिथे चपला घालून जाऊ नये.

प्रयोगाचा पहिला भाग म्हणजे आडदशावतार. बरेच प्रेक्षक तो संपेपर्यंत भज्यांच्या गाडीजवळ उभे असतात. आमच्या मते सगळ्या रात्रीतला सर्वांत मोलाचा भाग हाच. सूत्रधार येतो, गणपतीचे स्तवन होते, रिद्धी-सिद्धी आणि भटजी येतात, सरस्वती नाचत येते. मग काळा वेश, काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ अशा अवतारात संकासुर येतो. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा राक्षस अस्सल मालवणीत बोलतो, सूत्रधाराची फिरकी घेतो आणि गावातल्या ताज्या घडामोडींवर बिनधास्त बोट ठेवतो. शेवटी विष्णू त्याचा वध करतो. मालवणी कळत नसेल तर शेजारी गावचा माणूस बघून बसावे, अर्धी मजा शब्दांत असते. दुर्दैवाने आता अनेक ठिकाणी हा भाग गणपतीच्या स्तवनापुरताच उरतो. कारण सरळ आहे. पालखीला उशीर होतो, पहाटेच्या आत आख्यान संपवायचे असते आणि लोकांना राजा-राक्षसाची लढाई लवकर हवी असते. आडदशावतार पुरा होणार का, हे आयोजकांना आधी विचारावे. जे गाव पुरा करते, त्या गावाला जावे.

मग आख्यान. रंगमंचावर एक पडदा आणि एक बाकडे. तेच सिंहासन, तोच डोंगर, तीच शेज. छापील संहिता नसते. कथानक कंपनीचा जाणता माणूस रंगपटात सांगतो, कोण कुणानंतर येणार आणि कुठे काय घडणार एवढे ठरते. संवाद नटाने उभ्या जागी रचायचे. त्यामुळे एकाच आख्यानाचे दोन प्रयोग कधीच सारखे होत नाहीत. चांगली कंपनी ओळखायची असेल तर सवाल-जवाबाकडे लक्ष द्यावे. देव आणि भक्त, सवत आणि सवत, बाप आणि मुलगा यांची जुंपली की कच्चा नट तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणतो. पक्का नट समोरच्याचा मुद्दा पकडून पुराणातला दुसरा दाखला काढतो. राजपार्टासाठी 2022 मध्ये निधन पावलेले ‘लोकराजा’ सुधीर कलिंगण आणि स्त्रीपार्टासाठी ओमप्रकाश चव्हाण ही नावे इथे आजही मोजमाप म्हणून घेतली जातात.

बसायची जागा संगीताच्या बाजूची निवडावी. पायपेटी, पखवाज आणि झांज एका कडेला असतात. लढाईच्या नाचात नटाचा पाय आणि पखवाजाची थाप एकत्र पडते की नाही, हे जवळूनच कळते. कर्ण्याखाली मात्र मुळीच बसू नये. सर्वांत जास्त बिघाड ध्वनियंत्रणेत होतो. वर टांगलेले मायक्रोफोन दोन-तीनच असतात, आवाज वाढवला की शिटी मारतात, कमी केला की स्त्रीपार्टाचे हळू बोलणे ऐकूच येत नाही. दुसरी अडचण बक्षिसांची. नटाला रोख बक्षीस देणे ही जुनी आणि चांगली रीत आहे, पण प्रत्येक देणाऱ्याचे नाव भर प्रवेशात पुकारले की करुण प्रसंगाचे तुकडे होतात. बक्षीस द्यायचे असेल तर प्रवेश संपल्यावर द्यावे. आरतीचे तबक फिरले तर त्यात जरूर घालावे, कलावंतांची कमाई बेताची असते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

‘ट्रिकसीन’ असे फलकावर असेल तर धूर, आग, उडणारे देव, फिरते दिवे मिळतात. मुले खूश होतात, पण यंत्रांच्या मांडणीत वेळ जातो आणि संवाद आखडतात. ‘संयुक्त दशावतार’ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांतले नामांकित नट एका रात्री एकत्र. सवाल-जवाब ऐकायला हा उत्तम. मात्र एकमेकांची सवय नसलेले नट असले तर प्रवेश लांबतात आणि शेवट घाईत उरकला जातो. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकाच कंपनीचा साधा प्रयोग निवडावा.

खाजे, म्हणजे जत्रेतला गोड खाऊ, घ्यायचे तर प्रयोगाआधी घ्यावे. आल्याचा वास यायला हवा आणि कांडी कटकन मोडायला हवी. दवात उघडे राहिलेले खाजे पहाटेपर्यंत मऊ पडते.

उजाडताना हंडी फुटते आणि काला वाटतात. आख्यान संपल्याबरोबर गाड्या काढायची झुंबड उडते, त्यामुळे बऱ्याच जणांचा काला चुकतो. वाहन गावाबाहेर, परतीच्या दिशेला तोंड करून लावले तर काला घेऊनही निवांत निघता येते.