गिअर लॉक, स्टिअरिंग लॉक, चोरस्विच की जीपीएस? रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी काय घ्यावं

अॅक्सेसरीच्या दुकानात जाऊन ‘गाडीला सिक्युरिटी बसवायची आहे’ म्हटलं, की दुकानदार सायरनपासून सुरुवात करतो आणि जीपीएसपर्यंत येऊन पोहोचतो. बिल होतं सात-आठ हजारांचं. काच फोडून लॅपटॉपची बॅग उचलणाऱ्याला मात्र त्यातल्या एकाही वस्तूने काही फरक पडत नाही.

म्हणून आधी हे ठरवा, की भीती कोणत्या चोराची आहे. एक काच फोडून सामान नेतो आणि अर्ध्या मिनिटात पसार होतो. दुसऱ्याला चाकं, आरसे, सायलेन्सर असे सुटे भाग हवे असतात. तिसऱ्याला अख्खी गाडी हवी असते. तिघांची हत्यारं वेगळी, तेव्हा आपले उपायही वेगळेच हवेत.

काच फोडणाऱ्यापुढे सायरन कमी पडतो

दाराच्या काचा टेम्पर्ड असतात. तळहाताने कितीही बडवलं तरी फुटणार नाहीत, पण टोकदार, कडक वस्तू नेमकी बसली की आख्खी काच भुगा होऊन खाली येते. स्पार्क प्लगच्या चिनी मातीचा तुकडा किंवा गलोलीतून मारलेला छर्रा त्याला पुरतो. पुढची काच लॅमिनेटेड असते, ती तडकते पण जागेवर राहते. म्हणून चोर पुढच्या काचेच्या वाट्याला जात नाही.

बऱ्याच छोट्या गाड्यांचा कंपनीचा अलार्म दार, डिकी किंवा बॉनेट उघडलं तरच वाजतो. काच फोडून, हात आत घालून बॅग बाहेर ओढली तर दार उघडतच नाही आणि गाडी गप्प राहते. बाहेरून बसवलेल्या सिस्टीमला शॉक सेन्सर असतो, तो वाजतो. पण त्याचा स्क्रू फार संवेदनशील ठेवला तर बस गेली, फटाका फुटला, ढोल-ताशाचं पथक गल्लीतून गेलं, तरी बोंब सुरू. तिसऱ्या रात्री सोसायटीवाले तक्रार करतात आणि मालक सेन्सर कायमचा बंद करून टाकतो. काचेवर तळहाताने थाप मारली तर एकदाच ‘पीप’ व्हावं आणि बस गेली तर काहीच होऊ नये, इथे स्क्रू आणून थांबवा.

या चोरावर खरा उपाय फुकटचा आहे: केबिन रिकामी ठेवा. चार्जरची वायरही दिसू देऊ नका. सामान डिकीत टाकायचं असेल तर निघतानाच टाका. मुक्कामी पोहोचून, चार लोकांसमोर बॅग डिकीत ठेवणं म्हणजे ती कुठे आहे हे सांगणंच. ड्रायव्हर सीटजवळ डिकी उघडायचा लिव्हर असेल तर एक काच फुटली की डिकीही उघडी पडते, हे धरून चाला. काळ्या फिल्मचा विचार असेल तर सोडून द्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड पार जायलाच हवा. तेवढ्या पारदर्शक काचेतून सीटवरची बॅग दिसतेच.

स्टिअरिंग लॉक विरुद्ध गिअर लॉक

अख्खी गाडी जाऊ नये म्हणून पहिले पैसे इथे घालावेत.

दांड्याचा स्टिअरिंग लॉक हजार ते अडीच हजारात मिळतो. बसवणावळ नाही, आणि गाडी विकली तरी तो आपल्याकडेच राहतो. मोठा फायदा म्हणजे तो बाहेरून दिसतो. पिवळा किंवा लाल दांडा पाहून घाईतला चोर शेजारच्या गाडीकडे वळतो. कमजोरी लॉकची नसून स्टिअरिंगची आहे. चाकाच्या कड्यात वर फोम किंवा लेदर आणि आत पातळ धातू असतो. हॅकसॉ ब्लेडने कडं एका जागी कापलं की फटीतून अख्खा लॉक बाहेर निघतो, कुलपाला हातही लावावा लागत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी कडं पकडणारा, जाड नळीचा लॉक घ्या. लांब टोक डॅशबोर्डला किंवा काचेच्या खांबाला अडेल असा लावा आणि लावल्यावर चाक फिरवून पाहा. पाव फेराही फिरत असेल तर लॉक चुकीचा लागला आहे. एक टोक स्टिअरिंगला आणि दुसरं क्लच किंवा ब्रेकच्या पेडलला अडकवायचा प्रकारही मिळतो. तो बाहेरून नीट दिसत नाही, त्यामुळे दहशत कमी.

गिअर लॉक गिअरचा दांडाच जागेवर अडकवतो. त्याला फिटिंगसकट साधारण तीन ते सहा हजार जातात, कन्सोलला भोक पडतं आणि दीड-दोन तास गाडी दुकानात राहते. ब्रॅकेट ज्या बोल्टने बसतो त्यांची डोकी आवळल्यावर तुटून पडायला हवीत, म्हणजे पाना लावायला जागाच उरत नाही. फिटरने साधे नटबोल्ट वापरले तर तो लॉक शोभेचा. बसवताना समोर उभं राहून एवढं जरूर पाहा. मॅन्युअल गाडी रिव्हर्समध्ये अडकते, ऑटोमॅटिक ‘पी’मध्ये. गोल डायलने गिअर बदलणाऱ्या गाड्यांना हा पर्यायच नाही.

ताकद पाहिली तर गिअर लॉक सरस. त्याच्याशी झटापट करायला चोराला गाडीत वाकून बसावं लागतं, आवाज होतो, वेळ जातो. पण दोन वाटा त्यालाही बंद करता येत नाहीत. एक म्हणजे बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरची केबल सोडवणं. दुसरी म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा) गाडीची पुढची चाकं क्रेनने उचलणं, मग मागची चाकं मोकळी फिरतात. दिवसाढवळ्या टोइंगची गाडी आली तर लोकांना ती वाहतूक पोलिसांचीच वाटते.

निर्णय फिरवणारी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. मुंबईतल्या कित्येक सोसायट्यांत आणि पे अँड पार्कमध्ये गाडीमागे गाडी लागते आणि ‘हँडब्रेक काढून न्यूट्रलला ठेवा’ असा दंडक असतो. तिथे गिअर लॉक लावताच येत नाही. स्टिअरिंग लॉक लावलेली न्यूट्रलमधली गाडी निदान सरळ रेषेत ढकलता येते. अशा जागी स्टिअरिंग लॉक घ्या, वाद नको.

चोरस्विच विरुद्ध जीपीएस

चोरस्विच म्हणजे गाडीत लपवलेला स्विच, तो गाडी सुरूच होऊ देत नाही. जीपीएस गाडी गेल्यावर ती कुठे गेली ते सांगतं. दोन्ही एकाच शेल्फवर असल्याने लोक एकाच्या जागी दुसरं घेतात, आणि बहुतेक वेळा जीपीएस घेऊन ‘आता गाडी सेफ’ असं समजतात.

चोरस्विच हजार-दीड हजारात होतो. ऑटो इलेक्ट्रिशियनशी बोलताना नेमकं काय कट करायचं ते तुम्हीच ठरवा. स्टार्टरचा सर्किट कट केला तर चालती गाडी कधीच बंद पडणार नाही, पण धक्का स्टार्ट होऊ शकते. फ्युएल पंप कट केला तर जास्त पक्कं. लाइनमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी काही सेकंद सुरू होऊन बंद पडते आणि चोराला वाटतं गाडीच बिघडलेली आहे. पण जोड कच्चा असेल तर हीच गाडी घाटात तुमच्यावरच बंद पडेल. म्हणून पंपाच्या मुख्य वायरीत स्विच घालू नका. तिथून पाच ते आठ अँपिअर जातात आणि छोटा स्विच तापतो. पंपाच्या रिलेची (थोड्या करंटने पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइलची वायर कट करायला सांगा, तिथला करंट नगण्य असतो. जोड सोल्डर करून वर स्लीव्ह हवी, नुसती चिकटपट्टी नको. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांच्या आसपासही जाऊ देऊ नका. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली तर सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकल क्लेम नाकारू शकतं. वॉरंटी संपेपर्यंत चोरस्विच टाळलेलाच बरा.

बाहेरगावी जाताना फुकटची पळवाट आहे: फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा पाहून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून खिशात टाका. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढण्यापेक्षा हे चांगलं, कारण केबल काढली की अलार्मही मरतो.

वायरिंगवालं जीपीएस अडीच ते सहा हजारांना पडतं आणि दरवर्षी सिम व सर्व्हरचं रिचार्ज असतं. विकत घेताना विचारायचे प्रश्न: सिम कोणत्या नेटवर्कचं, रिचार्ज संपल्यावर काय, आणि मुख्य वायर कापली तर आतल्या बॅटरीवर किती तास चालतं. ओबीडी पोर्टमध्ये (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या सॉकेटमध्ये) खोचायचं यंत्र बसवायला सोपं, पण चोराचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, अँटेनाची बाजू आकाशाकडे आणि वर पत्रा येणार नाही असं बसवा. बेसमेंटमध्ये उपग्रह दिसत नाहीत, त्यामुळे तिथे शेवटचं ठिकाणच दिसत राहतं. अॅपमधून इंजिन बंद करायची सोय असेल तर ती चालत्या गाडीवर वापरू नका, पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्ही जातात.

बॅटरीचाही हिशेब करा. ५० मिलीअँपिअर खाणारं यंत्र दिवसाला १.२ अँपिअर-तास ओढतं. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी पंधरवड्यात निम्मी होते, गाडीचा स्वतःचा खप वेगळाच. शनिवार-रविवारीच चालणाऱ्या गाडीला हे चालतं, महिनाभर उभ्या गाडीला नाही.

अॅपलचा एअरटॅग हा छोटा ट्रॅकर सीटच्या शिवणीत लपवणं स्वस्त पडतं आणि जवळून आयफोन गेला तर बेसमेंटमधूनही ठिकाण कळतं. पण अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही जाते. जोडीला ठीक, भरवसा ठेवू नये.

| उपाय | साधारण खर्च | कशापुढे हरतो |
|---|---|---|
| स्टिअरिंग लॉक | १,००० ते २,५०० रु. | कापलेलं कडं |
| गिअर लॉक | ३,००० ते ६,००० रु. | केबल सोडवणं, क्रेन |
| चोरस्विच | १,००० ते १,५०० रु. | क्रेन, कच्चा जोड |
| वायरिंगवालं जीपीएस | २,५०० ते ६,००० रु. आणि वार्षिक रिचार्ज | सिग्नल दाबणारा जॅमर, बेसमेंट, संपलेलं रिचार्ज |

पुश बटण गाडी असेल तर

चावी खिशात ठेवून उघडणाऱ्या गाडीचा सिग्नल लांबवून ती उघडता येते. चावी घराच्या दाराजवळ टांगलेली असेल तर काम आणखी सोपं. सिग्नल अडवणारं पाकीट दोन-तीनशेत येतं. चावी त्यात घालून गाडीशेजारी उभं राहा आणि हँडलचं बटण दाबा. दार उघडलं तर पाकीट फेकून द्या. घडीवर अस्तर झिजतं, तेव्हा ही चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी करा. दुसरी चावीही पाकिटातच हवी.

दुसरी वाट ओबीडी पोर्टची: काच फोडायची, टॅबलेट जोडायचा आणि नवी चावी गाडीला ओळखायला लावायची. इथे चावीचा इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू न होऊ देणारी सोय) कामाचा उरत नाही, पण गिअर लॉक आणि चोरस्विच उरतात. महागड्या पुश बटण गाडीला जुन्या पद्धतीचं कुलूप लावायला लोक लाजतात. खरं तर तिलाच ते जास्त हवं.

चाकं आणि सायलेन्सर

अलॉय व्हीलसाठी प्रत्येक चाकाला एक लॉक नट पुरतो. आटे (जाडी × दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) जुळवून घ्या: मारुतीला १२ × १.२५, ह्युंदाई, होंडा, टोयोटाला १२ × १.५. चुकीचा नट दोन आटे जातो आणि मग स्टड खराब करतो. इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका, आणि त्याची चावी डिकीतल्या पान्यांसोबतच ठेवा. नाहीतर पंक्चरच्या वेळी टायरवाल्याकडे हात चोळत बसावं लागेल.

मारुती ईकोच्या सायलेन्सरची गोष्ट निराळी. आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागातल्या) प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसाठी तो चोरतात, आणि गाडी उंच असल्याने जॅकही लागत नाही. सायलेन्सरभोवती लोखंडी जाळी वेल्ड करून घेणं हाच उपाय. वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायला लावा, नाहीतर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जायचा.

मग घ्यायचं काय

रस्त्यावर रात्रभर उभी राहणारी, वॉरंटी संपलेली मॅन्युअल गाडी: गिअर लॉक आणि चोरस्विच. पैसे उरले तरच जीपीएस. वॉरंटीतली पुश बटण गाडी: गिअर लॉक, चावीची पाकिटं आणि कंपनीच्या कनेक्टेड अॅपचं वर्गणी-नूतनीकरण. फुकटची वर्षं संपली की ते अॅप निमूट बंद होतं. न्यूट्रलला ठेवावी लागणारी गाडी: स्टिअरिंग लॉक आणि जीपीएस. वॉचमन असलेल्या सोसायटीत आत उभी राहणाऱ्या जुन्या हॅचबॅकला नुसता स्टिअरिंग लॉक पुरे.

विम्याच्या सवलतीसाठी यातलं काही घेऊ नका. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेलं आणि रीतसर प्रमाणित केलेलं यंत्र असेल तर ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर २.५ टक्के सूट मिळते, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. थर्ड पार्टी पॉलिसीत चोरी येतच नाही. सर्वसमावेशक पॉलिसीतही चोरीला गेलेला लॅपटॉप वेगळं अॅड-ऑन नसेल तर बसत नाही. फुटलेल्या काचेचा क्लेम करण्याआधी हिशेब मांडा. काच ३,५०० रुपयांची, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये, म्हणजे हातात २,५००. सुटीआधीचा ओन डॅमेज प्रीमियम ८,००० असेल आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट, जी क्लेम केला की जाते) ५० टक्क्यांवर पोहोचला असेल, तर पुढच्या वर्षी ४,००० रुपये जातात.

गाडीच गेली तर एफआयआर लगेच, त्याच दिवशी विमा कंपनीला आणि मग आरटीओला लेखी कळवा. कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून जादा चावी ग्लोव्हबॉक्समध्ये कधीही ठेवू नका. सेकंड हँड गाडी घेतानाही दोन्ही चाव्या मागून घ्या. तपास लागला नाही तर पोलिसांकडून ‘अ समरी’ची (गुन्हा खरा पण तपास लागला नाही, अशा अहवालाची) प्रत लागते, आणि सोबत सही केलेले गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म २८, २९ व ३०. हॉटेलच्या व्हॅलेकडे दिलेली गाडी गेली असेल तर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी वाचून गप्प बसू नका. ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हॉटेलला जबाबदार धरलं आहे. व्हॅलेचं टोकन मात्र जपून ठेवा.