सरकारी मराठी हायस्कूल की प्रायव्हेट इंग्लिश मिडियम?

वहिनी, आपल्या कर्नाटकात पोराला कुठल्या हायस्कूलला घालायचं म्हणाल तर टॉपरचे बॅनर बघू नका, दहावीला ६२५ पैकी ६०० वाला एकच असतो. आठवीला किती पोरं होती न् दहावीला पास किती झाली ते विचारा, दोन्हीकडं.

खर्च म्हणाल तर सरकारीत पुस्तकं न् दुपारचं जेवण फुकट, प्रायव्हेटला फी, व्हॅन, वर ट्यूशन. पण सरकारीत गणित-सायन्सचे सर परमनंट हैत की गेस्ट म्हणजे तात्पुरते ते बघा, जागा रिकामी असली तर पोरगं बोंबलतंय. गर्दीचं म्हणाल तर वर्गात डोकी मोजा, प्रायव्हेटलाबी कमी नसतात.

घरी मराठीच, अभ्यास स्वतः करणारं पोर असलं तर सरकारी. पीयूसी म्हणजे अकरावी-बारावीला सायन्स पक्कं असलं न् पैसे झेपत असले तर इंग्लिश मिडियम. कन्नड दोन्हीकडं शिकायचंच हाय.