एक्सेलचा तक्ता वर्डमध्ये: लिंक, एम्बेड की साधा पेस्ट?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांचा अहवाल घाईतच तयार होतो. हिशेब एक्सेलमध्ये, मजकूर वर्डमध्ये, आणि ऑडिटर शेवटपर्यंत आकडे बदलतोय. अशा वेळी तक्ता कसा चिकटवावा?

साध्या पेस्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आकडे पक्के झाले असतील तर हेच करा.

एम्बेड केलं, म्हणजे एक्सेलचा तक्ता वर्ड फाइलच्या आतच बसवला, की फाइल कुठेही नेली तरी तक्ता शाबूत राहतो. पण तुम्ही चार ओळी चिकटवता आणि आत अख्खं वर्कबुक जातं. अहवालाची वर्ड फाइल सभासदांच्या ग्रुपवर टाकली, तर कुणीही तक्त्यावर डबल-क्लिक करून शेजारच्या शीटवरची सगळ्यांची थकबाकी वाचू शकतो. सोसायटीसाठी हा पर्याय मी तरी बाद धरेन.

लिंक, म्हणजे पेस्ट स्पेशलमधलं पेस्ट लिंक, आकडे बदलत असताना सर्वांत सोयीची: एक्सेलमधले बदल ती अपडेट केली की वर्डमध्ये येतात. कटकटीही तिच्याच जास्त. ती फाइलचा पूर्ण पत्ता धरून ठेवते. दादरच्या ऑफिसात डी ड्राइव्हवर असलेली फाइल खजिनदारांनी ठाण्याला घरी पेन ड्राइव्हवरून उघडली, की अपडेट करताना ‘नॉट अ व्हॅलिड लिंक’. फाइल, इन्फो, मग उजवीकडे खाली ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ आणि तिथे ‘चेंज सोर्स’. तक्ते बरेच असतील तर ऑल्ट+एफ९ दाबून फील्ड कोड (तक्त्यामागची, पत्ता लिहिलेली ओळ) उघडा, फाइंड-रिप्लेसने पत्ता बदला (त्यात बॅकस्लॅश दुहेरी असतो), पुन्हा ऑल्ट+एफ९, मग कंट्रोल+ए आणि एफ९. मजकुराच्या ओळीत न बसवलेले, मोकळे तरंगणारे तक्ते यात सापडत नाहीत. ते आधी ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ करा.

दुसरा घोळ गुपचूप होतो. लिंक ‘ओळ १ ते १४’ अशी असते. वर्ड बंद असताना एक्सेलमध्ये खर्चाची ओळ वाढली, तर बेरीज पंधराव्या ओळीवर सरकते आणि अहवालातून गायब होते, कसलीही सूचना न येता. म्हणून एक्सेलमध्ये तक्ता निवडून नेम बॉक्समध्ये (डावीकडे वरच्या चौकटीत) नाव द्या, ‘खर्च’ वगैरे, आणि फील्ड कोडमध्ये शीट-ओळींच्या जागी तेच नाव टाका. नवी ओळ मात्र बेरजेच्या वर घाला. खाली घातली तर ती नावाच्या कक्षेत येत नाही.

ईमेलवरून आलेली फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये असेपर्यंत लिंक अपडेट होत नाही. ‘एनेबल एडिटिंग’ दाबा.

आकडे हलत आहेत तोवर लिंक ठेवा. ऑडिटरची सही झाली की एक प्रत वेगळी काढून तिच्यात ‘ब्रेक लिंक’ करा, आणि सभासदांना पीडीएफच पाठवा.