पंप खोलायला देण्याआधी इंजिन कॅनवर चालवून बघा

१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी उठते, शाकारलेल्या बोटी पाण्यात उतरतात आणि पहिल्या आठवड्यातच प्रत्येक बंदरात दोन-चार इंजिनं अडतात. चालू होतात, दहा-पंधरा मिनिटं बरी चालतात आणि मग आचके देत बंद पडतात. हंगाम तोंडावर असतो, बर्फ भरून झालेला असतो, खलाशी बसून असतात. या घाईवरच एक ठरलेली फसवणूक पोसली जाते.

कोकणातल्या एका सहा सिलिंडरच्या बोटीवर झालेला प्रकार हा त्याचा अगदी नमुना आहे. मेकॅनिक आला, दोनदा स्टार्टर मारला आणि मालकाला म्हणाला, "नाखवा, पंप गेला. नोझल पण काढायला लागतील." कुठली चाचणी केली नाही, एक नट सैल करून पाहिला नाही. सिलिंडरांकडे दाबाने डिझेल पाठवणारा पंप आणि ते आत फवारणारे सहाही नोझल गोणीत घालून नेले. चार दिवसांनी रंग मारून आणले, बसवले, नळ्यांत अडकलेली हवा म्हणजे एअर काढली आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. बिल ४२ हजारांचं. मालक समाधानी होता, कारण इंजिन चालत होतं.

तिसऱ्या फेरीला तेच दुखणं परत आलं. या वेळी दोष "गव्हर्नर"चा, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा निघाला. तोवर कोणीतरी बिल नीट वाचलं. अगदी शेवटच्या ओळीत "डिझेल फिल्टर २ नग" असं लिहिलेलं होतं. काढलेला एक जुना फिल्टर बोटीच्या तळात पडलेला सापडला. करवतीने कापला तेव्हा आतल्या कागदाच्या घड्यांवर काळा, बुळबुळीत चिखल साचलेला होता. इंजिन सुरू झालं ते नव्या फिल्टरमुळे, पंप दुरुस्त झाल्यामुळे नव्हे. टाकीतला चिखल तसाच राहिल्यामुळे नवा फिल्टरही तिसऱ्या फेरीपर्यंतच टिकला. खरी दुरुस्ती काहीशे रुपयांची, आणि ती मोठ्या बिलाच्या पोटात लपवलेली.

हा चिखल येतो कुठून? बंदीच्या दोन महिन्यांत टाकी अर्धी रिकामी असते. पावसाळी दमट हवा व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या वाटेतून आत शिरते, पत्र्याला दव धरतं आणि पाणी तळाशी जमतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात जंतू वाढतात, त्यांचाच हा चिखल. बोट धक्क्याला असेतो काही कळत नाही. बाहेर लाटांत टाकी हिंदकळली की सगळं ढवळून डिझेल ओढणाऱ्या पिकअप पाइपच्या तोंडाशी येतं. म्हणून टाकी बंदीच्या आधी काठोकाठ भरून ठेवावी आणि बोट उतरवण्याआधी तळाचा ड्रेन उघडून काचेच्या बाटलीत डिझेल घ्यावं. बाटली रात्रभर ठेवली की पाणी खाली बसलेलं दिसतं.

आता मुख्य चाचणी. २० लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, ओळखीच्या पेट्रोल पंपावरचं डिझेल भरा आणि तो कॅन फीड पंपापेक्षा (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणाऱ्या छोट्या पंपापेक्षा) उंचावर घट्ट बांधा. टाकीकडून वॉटर सेपरेटरमध्ये (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात) येणारी नळी सोडवून त्या जागी कॅनमधून आणलेली नळी जोडा. उरलेलं डिझेल परत आणणारी रिटर्नची नळीही कॅनमध्येच सोडा. एअर काढा, इंजिन सुरू करा. दहा मिनिटं आयडलवर, म्हणजे लोड न देता मंद चालवा. मग बोट पुढून-मागून दोरांनी पक्की बांधून गिअर टाका आणि २० मिनिटं लोडवर ठेवा. लोड न देता केलेली चाचणी फसवी असते, कारण अर्धा तुंबलेला फिल्टरही आयडलपुरतं डिझेल देतोच. इंजिन लोडवर न अडखळता चाललं, तर पंप आणि नोझल ठीक आहेत. दोष टाकीच्या बाजूला आहे: पिकअपची जाळी, टाकीपासूनची नळी, व्हेंट.

व्हेंट तपासणं सर्वांत सोपं. इंजिन बंद पडताक्षणी टाकीचं झाकण फिरवा. फस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर इंजिन पुन्हा नीट चाललं, तर व्हेंट बुजलेला आहे. मीठ, रंग, कधी कुंभारमाशीचं घर.

कॅनवरही इंजिन मेलं, तर दोष टाकीच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला आहे. आधी दोन्ही फिल्टर बदला आणि पुन्हा लोडवर चालवा. मग फीड पंपाची बाहेर जाणारी नळी सोडून हँड प्रायमर (हाताने डिझेल ढकलायचा दट्ट्या) मारा. धार भरीव आणि बुडबुड्यांशिवाय यायला हवी. बुडबुडे आले तर कुठेतरी हवा ओढली जाते आहे. इथे भले भले चकतात. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा असतो, त्यामुळे टाकी खाली असेल तर तिथल्या फटीतून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. बाहेर सगळं कोरडं. परत वापरलेले तांब्याचे वॉशर, सेपरेटरच्या बाउलची कडक झालेली रिंग, सैल क्लिप, आतून सोललेली रबरी नळी हे नेहमीचे गुन्हेगार. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती घातली की हवेचे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

एक नोझल खराब झाल्याने सहा सिलिंडरचं इंजिन बंद पडत नाही, ते मिस मारतं, म्हणजे एक सिलिंडर सोडून अडखळत चालतं. आयडलवर एकेका नोझलचा नट थोडा सैल करून बघतात. ज्याने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. सैल नटातून उडणाऱ्या धारेसमोर हात कधीही नेऊ नका, त्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं आणि तसं झालं तर थेट रुग्णालय गाठावं लागतं. कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या नोझलना एकाच, फार जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) नट सैल करायचा प्रकार बिलकूल करायचा नाही.

मुंबई-गोव्यातल्या ज्या शिडाच्या बोटींवर छोटं डिझेल इंजिन असतं, त्यांनाही हीच चाचणी लागू आहे. एक जपायचं: धुरात समुद्राचं पाणी मिसळून सोडणाऱ्या इंजिनाला बराच वेळ स्टार्टर मारायचा असेल, तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा, नाहीतर एक्झॉस्ट भरून पाणी सिलिंडरमध्ये जातं. इंजिन धरलं की कॉक लगेच उघडा, नाहीतर समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला इम्पेलर (रबरी पंखा) जळतो.

एवढं करूनही पंप खोलायची वेळ आली, तर तो मोकळा हातात देऊ नका. नंबर प्लेटचा फोटो काढा आणि तो नंबर पावतीवर लिहून घ्या. पंपाची फ्लँज (बसवायची कड) आणि इंजिनावर मिळून छिन्नीची एक खूण करा, म्हणजे टायमिंग, अर्थात डिझेल सोडण्याची वेळ हलली तर कळेल. पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या बोल्टांवर रंगाचे ठिपके द्या. पंपातले डिझेल दाबणारे चांगले एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून घेऊन झिजलेले बसवायचे, हा धंदा याच टप्प्यावर होतो. टेस्ट बेंचचे (पंप तपासायच्या यंत्राचे) खोलण्याआधीचे आणि नंतरचे आकडे लेखी मागा, बदललेले जुने भाग परत मागा. "भंगारात टाकले" हे उत्तर स्वीकारू नका. आणि फिल्टर व पंप एकाच दिवशी बदलू देऊ नका, कारण मग काय बरं झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

कच्च्या बिलावर पैसे देऊ नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या बोटीचा मालक ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक धरला जाऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते; जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची मुदत २ वर्षं आहे, आणि तिथे पक्कं बिल, प्लेटचा फोटो व कापलेला फिल्टर हाच पुरावा लागतो.